ताटलीत उमटलेला हात

बिअर बनवणारी माणसं बिअर बनवत नाहीत, भांडी घासतात. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण दोह्याला येण्याआधी मी मराठवाड्यातल्या एका एमआयडीसीत, बिअरच्या कारखान्याच्या लॅबमध्ये बरीच वर्षं नोकरी केली आहे. बिअर करतं ते यीस्ट. आपण फक्त त्याच्या पंगतीला दुसरं कुणी आगंतुक येऊन बसणार नाही, एवढं बघायचं. टाकी रिकामी झाली की आधी पाणी, मग कॉस्टिक सोडा, परत पाणी, मग ॲसिड, पुन्हा पाणी आणि अगदी शेवटी जंतुनाशक. हा क्रम कुणी चुकवला की माझं डोकं फिरायचं. अरे, आधी मळ काढा, मग जंतू मारा! मळ तसाच ठेवून वर औषध ओतलं तर जंतू त्या मळाखाली पांघरूण घेऊन झोपतात आणि पुढच्या खेपेची सगळी बिअर आंबट करून ठेवतात. नव्या ऑपरेटरांना हे सांगून सांगून माझा घसा बसायचा.

धुऊन झालं की माझं काम सुरू. निर्जंतुक कापसाचा बोळा टाकीच्या झडपेतून, पाइपाच्या सांध्यातून फिरवायचा, काचेच्या बशीतल्या माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या, जेलीवर हलकेच ओढायचा आणि बशी झाकून उबेला ठेवायची. पहिल्यांदा केलं तेव्हाचं मला अजून आठवतं. ज्या स्टीलमध्ये बघून मी टिकली सारखी केली होती, त्याच स्टीलवरचा तो बोळा. दोन-तीन दिवसांनी बशी उजेडाला धरली, तर जेलीवर ठिपके! पांढरे, लोण्याच्या रंगाचे, एक तर चक्क गुलाबी. मी बघतच राहिले. त्या चकचकीत पत्र्यावर एक अख्खं गाव वसलेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. साहेब म्हणाले, "टाकी परत धुवा." मी धुवायला लावली, पण दिवसभर माझं मन त्या गुलाबी ठिपक्यापाशीच होतं. पुढे नोकरी सोडेपर्यंत, बशी उजेडाला धरताना दर वेळी मी आधी गुलाबी ठिपका शोधायचे.

नवऱ्याला कतारमध्ये गॅस प्लँटवर नोकरी लागली आणि आम्ही इथे आलो. इथे माझ्या विद्येचं काय करणार, कप्पाळ! घरी बिअर करणं इथे गुन्हा. पार्टीत कुणी विचारलं, वहिनी आधी काय करायच्या, तर नवरा माझ्याकडे न बघता "फूड टेक्नॉलॉजीत होती" म्हणून मोकळा होतो. मग ती सगळी शिस्त अल नस्रमधल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरावर कोसळली. विरजणाचं भांडं उकळत्या पाण्यातून निघाल्याशिवाय त्यात दूध पडत नाही. मुलीची पाण्याची बाटली, तिचं झाकण, झाकणातली रबरी रिंग, सगळं सुटं करून घासलं जातं. "मम्मा, इट्स जस्ट अ बॉटल," ती म्हणते. जस्ट अ बॉटल म्हणे! त्या रिंगखाली काय काय नांदतं ते मी तिला दाखवलं, तर पोरगी पुन्हा पाणी पिणार नाही.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी आई आमच्याकडे राहायला आली. ऑगस्ट संपत आला होता. नाशिकहून आई येते तेव्हा तिच्या बॅगेत कपडे कमी आणि डबे जास्त असतात. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आणि पिशवीत पिशवी घालून दोऱ्यानं करकचून बांधलेलं लोणचं. या वेळी मी हौसेनं बॅग उघडली, तर बाकी सगळं होतं, लोणचं नव्हतं.

"विमानात सांडतं गं," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत कधी सांडलं नव्हतं. मी बाकीचे डबे फळीवर लावायला घेतले. म्हटलं, दमली असेल, यंदा घातलंच नसेल. नाशिकच्या आमच्या कॉलनीत आईचा हात म्हणजे हात होता. वैशाखात घरोघर कैऱ्या फोडायला लागले की बायका तिला बोलवायला यायच्या. कैरी त्यांची, मसाला त्यांचा, तेल त्यांचं. आईनं फक्त जायचं, बांगड्या मागे सारायच्या आणि परातीत हात घालून लोणचं कालवायचं. "काकू, तुमचा हात लागू दे, म्हणजे वर्षभर बघायला नको." आणि खरंच, तिनं कालवलेलं लोणचं कधी बुरसायचं नाही. मी मायक्रोबायोलॉजी शिकून आले तेव्हा मोठ्या तोऱ्यात तिला सांगायचे, "आई, हात-बित काही नसतं. तू मीठ नीट घालतेस आणि ओलं काही लागू देत नाहीस, एवढंच." ती म्हणायची, "हो का? बरं." आणि पुढच्या घरी जायची.

अल मन्सूरा भागातल्या एका दुकानात त्या आठवड्यात लिंबं सुरेख आली होती, पातळ सालीची, रसरशीत. मी पिशवी भरून आणली आणि आईपुढे ओतली. "लोणचं घाल."

"तू घाल. मी सांगते कसं ते."

"मला कशाला सांगतेस? तू आहेस ना घरात."

"डोळ्यांना नीट दिसत नाही आताशा," असं म्हणून तिनं स्टूल ओढलं आणि ओट्यापासून लांब बसली. आदल्या दिवशी तिनं माझ्या कुर्त्याचं तुटलेलं बटण चष्मा न लावता शिवलं होतं.

मी काचेची बरणी घेतली आणि माझ्या पद्धतीनं धुतली. साबण, गरम पाणी, सोड्याचं पाणी, उकळतं पाणी, मग ओव्हनमध्ये खडखडीत वाळवणं. आई सगळं बघत होती.

"झालं?"

"झालं."

"मग आता हिंगाची धुरी दे."

"आई, ही बरणी आता ऑपरेशन थिएटरमध्ये नेली तरी चालेल!"

"ऑपरेशन कुठे करायचंय? लोणचं घालायचंय."

आता हिच्याशी कोण वाद घालणार. कोळसा कुठून आणू म्हटलं, आणि आठवलं, बखूर, म्हणजे इथला सुगंधी धूप, जाळायचे गोल कोळसे इथे प्रत्येक दुकानात मिळतात. आमच्याकडेही कुणीतरी भेट दिलेला पुडा पडून होता. एक कोळसा गॅसवर लाल केला, वाटीत ठेवला, वर हिंगाचा खडा आणि तेलाचे थेंब. धूर असा काही उठला म्हणता! मी वर बरणी पालथी धरली. बरणी आतून दुधाळ झाली, काठांतून धूर सुटून वर निघाला, आणि त्या उग्र वासानं मी एकदम नाशिकच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले. लॅबमध्ये इतकी औषधं वापरली, पण ज्याला घाबरून जंतू पळत सुटतील असं वाटावं, असा वास एकाही औषधाला नव्हता. मी डोळे मिटून उभी होते. डोक्यावर स्मोक डिटेक्टर आहे, हे माझ्या लक्षातही नव्हतं.

मग जो काही भोंगा सुरू झाला! अख्ख्या बिल्डिंगचा. दारं उघडली, माणसं जिन्यात आली, आणि आई पदर खोचून माझ्या मागोमाग, "आग कुठे लागली गं?" असं विचारत. आता काय सांगू तिला? खाली रस्त्यावर सगळे उभे. ऑगस्टातली दमट हवा अशी, की एसीतून बाहेर पडल्या पडल्या सगळ्यांच्या चष्म्यांवर वाफ धरली आणि जो तो चष्मे पुसत वरच्या खिडक्यांकडे बघायला लागला. वॉचमन धावत वर गेला आणि नाकाला रुमाल लावून परत आला. "मॅडम," तो मला म्हणाला, "ये कौन सा बखूर है?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या भाभी हसत हसत जवळ आल्या. त्या रत्नागिरीच्या, जन्म अर्धा इथेच गेलेला. "मी जिन्यातच ओळखलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हा तर हिंग. आपल्यातलंच कुणीतरी लोणचं घालतंय." मग आईकडे वळून, "आई, तुमच्या हातचं थोडं आमच्यासाठी पण घाला हां."

आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "माझ्या हातचं नको गं. हिच्या हातचं देते तुला."

मी चमकून बघितलं. लोणच्यासाठी माझा हात? माझा? आईनं हे म्हणावं म्हणजे हद्दच होती. पण भोंगा बंद झाला, लोक वर निघाले, आणि बोलणं तिथेच राहिलं.

वर आल्यावर मी लिंबं चिरली, मीठ, साखर, तिखट घातलं आणि परात तिच्यासमोर सरकवली. "कालव."

"तू कालव."

"आई, नाटकं करू नकोस. कालव म्हटलं ना!" माझा आवाज उगाचच चढला. माझा स्वभावच मेला तसा आहे. तिनं माझ्याकडे बघितलं, हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले, आणि परातीत घातले. एरवी लोणचं कालवताना ती अखंड बोलते. त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही.

बरणी भरली. रोज सकाळी आई झाकण काढून, तोंडाला फडकं बांधून ती बाल्कनीतल्या उन्हात नेऊन ठेवायची आणि ऊन उतरलं की आत आणून, फडकं सोडून, झाकण लावून ओट्यावर ठेवायची, तिच्या ठरलेल्या जागी. फडकं, झाकण, सगळं जागच्या जागी. मी लांबूनच बघायचे आणि बरं वाटायचं. म्हटलं, रमली.

आठवडाभरानं सकाळी मी चहा करत होते. ती बरणीजवळ उभी होती, झाकण हातात.

"बघ," ती म्हणाली. "मी सांगत होते."

लोणच्यावर हिरवट बुरशी आली होती. मऊ, लुसलुशीत, मधे गडद आणि कडेनं पांढरी.

आधी तर मला धक्काच बसला. माझ्या स्वयंपाकघरात? मी उकळलेल्या बरणीत? पण आईचा चेहरा बघितला आणि बुरशी विसरले. तिला धक्का बसलाच नव्हता. तिला हे होणार हे ठाऊकच होतं.

मग स्टूलवर बसून तिनं सांगितलं. बाबा गेल्यानंतरच्या वैशाखात तिनं नेहमीसारखं लोणचं घातलं होतं. ते बुरसलं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्या वैशाखात कॉलनीतून तिला कुणी बोलवायला आलं नाही. "कुणी काही बोललं नाही हं," ती म्हणाली. "बोलत कुणीच नाही. समोर परात वाजली, कैऱ्या फोडल्याचा आवाज आला. मी आपली साडी बदलून, केस विंचरून बसले होते. म्हटलं, आता येतील, मग येतील." तिनं हातातलं झाकण ओट्यावर ठेवलं. "मग माझंच लोणचं बुरसलं, तेव्हा कळलं. त्यांचं बरोबर होतं. हात गेला माझा. तुझ्या बाबांबरोबर गेला."

मला इतका संताप आला म्हणून सांगू! त्या बायकांचा, आईचा, सगळ्या जगाचा. साडी बदलून बसलेली आई डोळ्यांसमोरून हलेना. तिनं फोनवर मला हे कधीही सांगितलं नव्हतं. रोज बोलायची, जेवलीस का, पोरगी जेवली का, आणि हे पोटात ठेवून. रडू येत होतं, पण मला रडू आलं की मी भांडते.

"हात जात नसतो," मी ओरडले. "बुरशी काही तुझ्या कुंकवाकडे बघून येत नाही! बुरशी कुठून तरी येते, आणि कुठून येते ते मी शोधून काढते. मी जन्मभर दुसरं केलंय काय?"

"बरं," आई म्हणाली. तेच ते जुनं "बरं".

त्याच दिवशी मी कामाला लागले. लॅब नव्हती, पण माल्ट होतं! इथे बिनदारूचं माल्टचं पेय कुठल्याही दुकानात थंडगार मिळतं, मुलं शाळेतून येताना पितात. ते आणलं, ढवळून त्यातला गॅस उडवून दिला, त्यात चिमूटभर सोडा आणि अगरची, म्हणजे चायना ग्रासची, पूड घालून कुकरमध्ये भरपूर शिट्ट्या काढल्या. ओव्हनमध्ये चालणाऱ्या, झाकणं असलेल्या काचेच्या ताटल्या फॉइलमध्ये गुंडाळून भाजून घेतल्या. गरम माल्ट ताटल्यांत ओतलं, वर लगेच झाकण. थोड्या वेळानं हलवून बघितलं, तर सोनेरी, पारदर्शक, घट्ट जेली. इतक्या वर्षांनी ते दिसलं आणि मी ताटली आपोआप उजेडाला धरली. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "इज दॅट डिझर्ट?" म्हटलं, हात लावून तर बघ.

एक ताटली मी ओट्यावर, बरणी ठेवायच्या जागी, थोडा वेळ उघडी ठेवली. एकीवर बरणीच्या झाकणाच्या आतून बोळा फिरवून ओढला. सगळ्यात मोठी ताटली आईपुढे धरली.

"हात धू, पूस, लोणच्यात घालतेस तसाच यात ठेव. दाबू नकोस."

मनात आलं, हिच्या हाताला आधी सॅनिटायझर लावावा. ताटली कोरी करकरीत निघेल, आणि तिला दाखवता येईल की बघ, तुझ्या हातावर काहीही नाही. पण इतकी वर्षं ज्या कामाचं खाल्लं त्यात असलं करवेना. आईनं हात ठेवला. "गार आहे गं," म्हणाली, आणि लगेच काढून घेतला. मी सगळ्या झाकणांना चिकटपट्टी लावली आणि ताटल्या कपाटात, गिझरच्या बाजूला उबेला ठेवल्या.

तो मधला काळ मला सहन होत नाही, कधीच झाला नाही. वर काही दिसत नसतं आणि आत काय चाललंय ते आपल्या हातात नसतं. आई मात्र रोज सकाळी विचारायची, "उगवलं का काही?" जशी काही मेथी पेरली आहे.

शेवटी मी त्या काढल्या. आई अंघोळीला गेली होती ते बघूनच काढल्या. ओट्यावरची ताटली बघितली आणि "सापडला!" असं ओरडणारच होते. हिरवी, काळी, करडी, वर्तुळांत वर्तुळं, ताटली नुसती भरून आली होती. झाकणाच्या आतल्या बोळ्याची तशीच. लोणच्यावरची ती बुरशी हीच. मी मान वर केली. ओट्याच्या बरोब्बर वर एसीची जाळी होती, दिवसरात्र गार हवा सोडणारी. मी ओटा दिवसातून किती वेळा पुसते, पण मान वर करून त्या जाळीकडे कधी बघितलं होतं? जाळीच्या पट्ट्यांत काळं साचलेलं मला खालूनसुद्धा दिसलं.

मग आईची ताटली घेतली आणि तिथेच थबकले.

ती कोरी नव्हती. तिच्यात आईचा हात उगवला होता. अख्खा हात. अंगठा, चारही बोटं, बोटांची पेरं, तळव्याची कड. सगळं बारीक बारीक ठिपक्यांनी भरलेलं, पांढऱ्या, पिवळसर, सायीच्या रंगाच्या, एखादा केशरी. फक्त तळव्याचा मधला खळगा मोकळा होता, जिथे हात जेलीला टेकलाच नव्हता. करंगळी जराशी वाकडी, लहानपणी दारात चिमटली होती तशीच. मी आयुष्यात अशा हजारो बशा बघितल्या असतील, पण इतकं सुंदर काही बघितलं नव्हतं. आणि त्याच क्षणी वाटलं, ही बघून आई काय म्हणेल? म्हणेल, बघ, सगळं माझ्याच हाताला लागलंय. आता हिला कसं पटवू, की असे जंतू प्रत्येकाच्या हातावर असतात, ते बिचारे आपलेच, लोणच्याला त्यांचा त्रास नाही. मी ताटली फडक्याखाली सारली.

"काय लपवतेस?" आई मागे उभी होती, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"काही नाही. तुला सांगते सगळं, आधी बस."

ती बसली नाही. तिनं फडकं उचललं, ताटली घेतली आणि खिडकीपाशी गेली. उजेडाला धरली. कशी धरायची ते मी तिला शिकवलं नव्हतं. बराच वेळ ती बघत राहिली. मग झाकणाच्या काचेवरून, त्या उमटलेल्या हातावर आपला हात ठेवून बघितला, बोटावर बोट.

"हे माझ्या हातावरचे?"

"हो. पण आई, ऐक, सगळ्यांच्याच हातावर..."

"जिवंत आहेत?"

"हो, जिवंतच आहेत, म्हणून तर वाढले. पण त्यांनी लोणचं..."

"एवढे सगळे?"

"एका ठिपक्यात लाखो असतात," मी म्हटलं. म्हणजे अपराध कबूल केल्यासारखंच म्हटलं.

आईचे डोळे भरून आले. "आणि मी समजत होते, मेला माझा हात," ती म्हणाली. "मेलेल्या हातावर एवढं उगवलं असतं होय?"

शास्त्र म्हणून हे साफ चूक आहे. मेलेल्या हातावर तर काय वाटेल ते उगवतं. हे माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं, आणि मी ते गिळलं. जन्मात पहिल्यांदा गिळलं असेल. तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. आम्ही दोघी त्या खिडकीत, ताटलीतल्या हाताकडे बघत कितीतरी वेळ उभ्या होतो. कधी ती एखादा ठिपका दाखवायची, "हा बघ केशरी," म्हणायची, आणि मी म्हणायचे, "हो, सुंदर आहे."

मग मी तिला दुसरी ताटली दाखवली, हिरवी-काळी, आणि वरची जाळी दाखवली. आईनं वर बघितलं. "ह्या मेल्यानं केलं होय!" म्हणाली, आणि तिचा आवाज परत तिचा झाला.

तरी एक कोडं राहिलंच होतं. बी जाळीतून पडलं, पण मिठातल्या लोणच्यात ते रुजलं कसं? त्याला पाणी कुणी घातलं? ते आईनंच शोधलं. रिकामी धुतलेली बरणी तिनं गार ओट्यावरून उचलून बाल्कनीत नेली आणि मला हाक मारली. "अगं, लवकर ये! बरणीला घाम फुटलाय." खरंच, त्या दमट हवेत गेल्या गेल्या काच धुक्यासारखी झाली आणि बघता बघता आतून थेंब ओघळायला लागले. त्या दिवशी रस्त्यावर सगळ्यांच्या चष्म्यांवर जे झालं, तेच. संध्याकाळी ती तापलेली बरणी आत आणली की उलटं, आतली दमट हवा गार होऊन झाकणाखाली थेंब धरणार. नाशिकच्या कोरड्या उन्हाच्या सवयीनं आई जपून रोज बरणी आत-बाहेर करत होती, आणि प्रत्येक खेपेला लोणच्यावर पाणी शिंपडत होती. थेंबाथेंबानं, डोळ्यांदेखत, आणि आम्हा दोघींना दिसलं नव्हतं. मी त्या ओघळांकडे बघत उभी राहिले. अख्खं आयुष्य अदृश्य गोष्टी शोधण्यात गेलं, तरी अजून केवढं दिसायचं राहिलंय, असं वाटलं.

"म्हणजे नाशिकला पहिल्यांदा बुरसलं ते?" आईनं विचारलं.

"त्या वर्षी घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. बरणीत कुणाकुणाचे ओले चमचे गेले असतील, तुझं लक्ष होतं का तेव्हा?"

"नव्हतं," ती म्हणाली. "कशातच नव्हतं."

ताटल्या कुकरमध्ये घालून उकळाव्या लागतात. ते वाढवलेले जीव तसेच कचऱ्यात टाकायचे नसतात, हा माझा नियम. हिरव्या-काळ्या ताटल्यांचं आईला काही वाटलं नाही. तिची ताटली उचलली तेव्हा मात्र ती मधे आली.

"मारणार आता त्यांना?"

"मारावंच लागतं गं."

"थांब. आधी फोटो काढ. माझ्या मोबाइलवर पाठव."

एसीची जाळी मी शिडीवर चढून स्वतः काढली आणि माझ्या क्रमानं धुतली, आधी मळ, मग जंतू. दुसऱ्या खेपेला धुरी बाल्कनीत दिली, वॉचमनला आधी सांगून. बरणीला ऊन दाखवायचं नाही, ती कपाटात एका जागी राहील, असं ठरलं. परात मी आईपुढे सरकवली आणि या वेळी गप्प बसले. तिनं हात धुतले, एकदाच पुसले, बांगडी मागे सारली आणि मनगटापर्यंत लिंबांत हात घातला. बोलायला लागली ती थांबेचना. तिखट कमी आहे, लिंबं जरा जाड चिरलीस, जावईबापूंना चालेल ना. भाभींची बरणी तिनं स्वतः खाली नेऊन दिली. "माझ्या हातचं आहे हं," असं सांगून आली.

ते लोणचं छान मुरलं. आई परत गेली तरी आम्हाला ते कितीतरी दिवस पुरलं, आणि मी दर वेळी कोरडा चमचा घालताना वर वाकून बघायचे. काही नसायचं. म्हणजे असणारच, पण दिसायचं नाही.

पुढच्या वैशाखात एका सकाळी आईचा फोन आला. मागे भांड्यांचे आणि बायकांचे आवाज.

"कुठे आहेस?"

"समोरच्यांकडे. कैऱ्या फोडल्यात ना."

"बोलवायला आल्या होत्या?"

"नाही गं, कुणी नाही आलं. परात वाजलेली ऐकली, मग म्हटलं किती दिवस साडी बदलून बसू? मीच गेले."

"काय म्हणालीस त्यांना?"

"मोबाइलमधला फोटो दाखवला. म्हटलं, हा माझा हात. एकेका ठिपक्यात लाखो जीव आहेत, माझ्या लेकीनं दोह्यात काचेत धरून दाखवलेत. सरका जरा, बसू दे मला."

"मग?"

"मग काय?" आई म्हणाली. "सरकल्या."